पलंगाखालची पेटी

आग्रा हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे दोन चित्रे उभी राहतात. एक यमुनेच्या काठी चांदण्यात न्हाऊन निघालेल्या ताजमहालाचे आणि दुसरे १६६६ साली औरंगजेबाच्या पहाऱ्यातून निसटलेल्या शिवछत्रपतींचे. मीरतचे नाव निघाले की १८५७ सालच्या मे महिन्यात तेथील छावणीत पेटलेल्या वणव्याचे स्मरण होते. इतिहासाने गाजवलेली ही दोन्ही शहरे ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी कुटुंबांना तर नोकरीपेशाच्या आणि यात्रेच्या निमित्ताने जुन्या परिचयाचीच. परंतु याच दोन शहरांच्या गोऱ्या छावण्यांत १९११ आणि १९१२ या दोन वर्षांत एक असे प्रकरण घडले की, ज्यात तलवारींचा खणखणाट नव्हता, राज्यांचा उदयास्त नव्हता. होते ते केवळ दोन संसार, एक निषिद्ध अभिलाषा आणि औषध म्हणून हातात आलेली एक पांढरी पूड. न्यायालयाच्या इतिहासात ‘आग्र्याचे दुहेरी हत्याकांड’ या नावाने ते ओळखले जाते. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेल्या सर सेसिल वॉल्श यांनी १९२९ साली त्यावर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला.

या प्रकरणाची कथा शंभरांहून अधिक वर्षांनंतरही पुन्हा सांगण्याजोगी आहे, ती त्यातील भयानकतेसाठी नव्हे. भयानक गुन्ह्यांची वाण जगाला कधीच पडलेली नाही. या कथेचे मोल असे की, ज्या ज्या गोष्टीचा आधार घेऊन दोन माणसांनी हा कट रचला, नेमकी तीच प्रत्येक गोष्ट त्यांच्यावर उलटली. भस्मासुराला वर मिळाला तो दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवण्याचा. हात अखेर पडला तो स्वतःच्या मस्तकावर. पुराणातली ही गोष्ट लहानपणी ऐकताना ती देवाची युक्ती वाटते. आग्र्याच्या प्रकरणात कोणीही मोहिनी अवतरली नव्हती. भस्मासुराने आपला हात आपणच उचलला होता.

एडवर्ड फुलॅम हे मीरतच्या लष्करी हिशेब खात्यातील अधिकारी. कामात नेमस्त, संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ. त्यांची पत्नी ऑगस्टा हिचा जन्म १८७५ सालचा. म्हणजे या कथेला रंग चढला तेव्हा तिने पस्तिशी ओलांडली होती. त्या काळच्या छावणीतील गोऱ्या स्त्रीचे जीवन बाहेरून दिसे तितके सुखाचे नसे. घरकामाला नोकरचाकर, मुलांना आया, संध्याकाळी क्लब आणि नृत्य, आणि दिवसाचे उरलेले प्रहर रिकामे. उन्हाळ्यात दारे-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून बसायचे आणि पंखा ओढणाऱ्याच्या दोरीची करकर ऐकत दुपार लोटायची. अशा रिकाम्या जीवनात १९०९ च्या सुमारास लेफ्टनंट हेन्री क्लार्क याचा प्रवेश झाला. क्लार्क लष्करी वैद्यकीय खात्याच्या दुय्यम शाखेत असिस्टंट सर्जन होता. वय चाळिशीच्या आसपास, घरी पत्नी लुइसा. तो देखणा होता असे कोणी म्हणत नाही, सुस्वभावी होता असे तर कोणीच म्हणत नाही. पत्नीशी त्याचे वागणे कठोर होते आणि ते सर्वांना ठाऊक होते. तरीही ऑगस्टाचे मन त्याच्यावर जडले, आणि असे जडले की त्या मनाला दुसरे काही दिसेनासे झाले.

येथे क्षणभर थांबून त्या काळचा कायदा पाहिला पाहिजे, कारण ‘निषिद्ध’ हा शब्द आपण कथा-कादंबऱ्यांतून सैलपणे वापरतो. या दोघांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा होता. भारतीय दंडविधानाच्या ४९७ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याच्या पत्नीशी संबंध ठेवणारा पुरुष पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र होता. स्त्रीला मात्र त्या कलमाखाली शिक्षा नव्हती. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरवले, पण १९११ साली ते पूर्ण जोरात होते. ख्रिस्ती विवाहांना १८६९ चा घटस्फोटाचा कायदा लागू होता. त्या कायद्यान्वये पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करून फारकत मिळे; पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग किंवा असेच दुसरे काही गंभीर कारण सिद्ध करावे लागे. अपराध ज्याचा, त्याला मात्र त्या अपराधाच्या जोरावर मोकळे होता येत नसे. म्हणजे ऑगस्टाला फुलॅमपासून आणि क्लार्कला लुइसापासून सुटायचे, तर त्यासाठी फुलॅमने किंवा लुइसाने न्यायालयाची पायरी चढायला हवी होती. दार होते, पण त्याची किल्ली ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्या हाती होती. शिवाय फारकतीबरोबर बदनामी येणार, नोकरी धोक्यात येणार, मुले दुरावणार. या दोघांना सर्व काही हवे होते: परस्परांची संगत, समाजातील मान, आणि तोटा मात्र काडीचाही नको. असे सर्व काही एकदम मिळवून देणारा मार्ग जगात एकच असतो, आणि तो दुसऱ्याच्या प्रेतावरून जातो.

क्लार्कची बदली होऊन तो आग्र्यास गेला. ऑगस्टा मीरतमध्येच राहिली. प्रेमिकांत अंतर पडले की पत्रे सुरू होतात, तशी ती सुरू झाली. आणि १९११ च्या उन्हाळ्यात त्या पत्रांबरोबर आग्र्याहून मीरतला काही पुड्याही येऊ लागल्या. ‘टॉनिक’ हे त्यांचे टोपणनाव होते. त्यांत सोमल होता.

सोमलाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण या कटातील सारी युक्ती त्या पदार्थाच्या स्वभावावर आधारलेली होती. सोमल म्हणजे आर्सेनिकचे पांढरे भस्म. त्याला रंग नाही, वास नाही, चव जवळजवळ नाही. दूध, चहा, सार, कशातही तो मिसळून जातो. पोटात गेला की वांत्या, जुलाब, पेटके, घसा कोरडा पडणे आणि नाडी बुडणे ही लक्षणे दिसतात. ही सारी लक्षणे पटकीची असू शकतात, अन्नदोषाची असू शकतात, उन्हाच्या तडाख्याचीही असू शकतात. म्हणूनच या देशात शतकानुशतके सोमल हे खुन्याचे आवडते विष होते, आणि म्हणूनच सरकारला १९०४ साली विषद्रव्यांचा कायदा करून त्याच्या विक्रीवर नियंत्रण आणावे लागले. पण क्लार्क स्वतः वैद्यकीय खात्यातला. औषधांचे कपाट त्याच्या हाताशी होते. ज्याच्याकडून विषापासून रक्षण व्हायचे, त्याच्याचकडून विष यायचे, तेथे कायद्याची विक्रीवरची नोंदवही काय कामाची?

कटाची आखणी अशी होती की, फुलॅम यांना थोड्या थोड्या मात्रेने विष द्यावे, म्हणजे पाहणाऱ्याला त्यांना उष्माघात झाला असे वाटावे. उत्तर हिंदुस्थानातील लू दरवर्षी कित्येक गोऱ्यांचा बळी घेत असे; दफनभूमीतील थडग्यांवर त्याची साक्ष होती. आणखी एका बळीकडे कोण संशयाने पाहणार? ऋतूलाच साक्षीला उभे करण्याचा हा डाव होता. ऋतू खोटी साक्ष देत नाही, असे त्यांना वाटत होते.

त्या उन्हाळ्यात मीरतच्या त्या बंगल्यात काय घडत होते, ते आज आपल्याला तारीखवार कळते, आणि ते कळते ते ऑगस्टाच्या स्वतःच्या हातच्या पत्रांतून. पतीला किती पूड दिली, केव्हा दिली, त्याला किती वांत्या झाल्या, ताप किती चढला, डॉक्टर काय म्हणाले, हे सारे ती क्लार्कला कळवीत असे. त्याच पत्रांत प्रेमाच्या आणाभाका असत, ईश्वराचे नाव असे, घरातल्या किरकोळ गोष्टीही असत. एखाद्या गृहिणीने वाण्याच्या हिशेबाबरोबर नवऱ्याच्या मृत्यूचा हिशेब मांडावा, तशी ही पत्रे. त्यांतील सर्वांत अंगावर काटा आणणारी गोष्ट म्हणजे त्यांत कोठेही राग नाही. एडवर्ड फुलॅम यांनी पत्नीचा छळ केला, तिला मारले, तिच्याशी प्रतारणा केली, असे काही त्या पत्रांतून निघत नाही. त्या गृहस्थाचा अपराध एवढाच की तो जिवंत होता.

आणि जिवंत राहण्याची त्याची चिकाटीही विलक्षण. उन्हाळा सरला, पावसाळा आला, तरी तो मेला नाही. पुनःपुन्हा आजारी पडे, रुग्णालयात जाई, तेथे बरा होई आणि घरी परत येई. घरी परत आला की पुन्हा आजारी पडे. आज हे वाचणाऱ्याच्या लक्षात ताबडतोब येते की, रुग्णालयात प्रकृती सुधारते आणि घरी बिघडते, याचा अर्थ काय. पण त्या वेळी त्याची शुश्रूषा करणारी स्त्री त्याची पत्नी होती, आणि पत्नीच्या हातच्या पेल्याकडे संशयाने पाहणे हे त्याला किंवा त्याच्या डॉक्टरांना सुचले नाही. सोमलाचा दीर्घकाळ मारा झाला की मज्जातंतू झिजतात, हातापायांतील शक्ती जाते. फुलॅम यांचे पाय लुळे पडले. डॉक्टरांनी त्याला मज्जासंस्थेचा असाध्य विकार ठरवले आणि त्यांना कायमच्या रजेवर मायदेशी पाठवावे असे ठरले.

येथे कटवाल्यांना धास्ती पडली. रोगी विलायतेस गेला तर पत्नीला बरोबर जावे लागणार. आणि रोगी पुड्यांपासून दूर गेला तर बराही होणार! म्हणून १९११ च्या ऑक्टोबरच्या आरंभी फुलॅम कुटुंब मीरतहून आग्र्यास आले. पांगळा झालेला तो गृहस्थ आपल्या पायांनी नव्हे, तर दुसऱ्यांच्या आधाराने त्या शहरात उतरला, जेथे त्याच्या मरणाची सिद्धता करणारा ‘कुटुंबाचा स्नेही डॉक्टर’ त्याची वाट पाहत होता. दोनच दिवसांत, १० ऑक्टोबरच्या रात्री, क्लार्कने त्याला जेल्सेमीन नावाच्या वनस्पतिजन्य विषाची सुई टोचली. श्वास बंद पडला. आजार जुनाच होता, डॉक्टर घरचाच होता, विधवा रडतच होती. दुसऱ्या दिवशी दफन झाले. कोणीही एक शब्द विचारला नाही.

दोन महिन्यांनी, डिसेंबरात, दिल्लीला पंचम जॉर्ज बादशहाचा दरबार भरला. सारा गोरा हिंदुस्थान त्या थाटामाटात बुडून गेला. लष्करी हिशेब खात्यातील एका मृत अधिकाऱ्याची आठवण कोणाला राहणार? ऑगस्टा आग्र्यातच राहिली. क्लार्क तिच्या बंगल्यावर उघडपणे येऊ-जाऊ लागला. कट अर्धा सिद्धीस गेला होता.

अर्धाच, कारण लुइसा क्लार्क अजून होती. या सबंध प्रकरणात ज्या व्यक्तीकडे सर्वांत कमी लक्ष गेले ती हीच. वृत्तपत्रांनी पुढे ऑगस्टाच्या रूपाची आणि क्लार्कच्या मोहिनीची वर्णने छापली. लुइसाच्या वाट्याला चार ओळी आल्या. परंतु या चौघांत डोळे उघडे होते ते तिचेच. नवऱ्याचे कोठे मन गुंतले आहे हे तिला पक्के ठाऊक होते. आपल्या अन्नात काही मिसळले जात असल्याचा संशयही तिला आला होता. ती सावध राहिली, आणि तिच्या या सावधपणामुळेच जे विष फुलॅमच्या बाबतीत चालले ते तिच्या बाबतीत चालले नाही. परंतु ज्या घरात नवरा शत्रू आहे, त्या घरातून बाहेर पडण्याची वाट त्या काळी एका दुय्यम अधिकाऱ्याच्या पत्नीला कितीशी मोकळी होती? कायद्याने तिला व्यभिचार आणि क्रौर्य या दोन्ही कारणांखाली फारकत मागता आली असती. पण कायद्यातील वाट आणि पायाखालची वाट यांत फार अंतर असते. ती त्याच छपराखाली राहिली.

पूड निरुपयोगी ठरली तेव्हा क्लार्कने पोलाद वापरायचे ठरवले. घरच्या नोकरामार्फत शंभर रुपयांना चार भाडोत्री मारेकरी ठरले. १७ नोव्हेंबर १९१२ च्या रात्री, घरधनी बाहेर असताना, ते क्लार्कच्या बंगल्यात शिरले आणि झोपेत असलेल्या लुइसाचा त्यांनी तलवारीने वध केला. दरोड्याचा देखावा उभा करायचा, असा बेत होता.

हा देखावा एक दिवसही टिकला नाही. दरोडेखोर यावेत आणि मौल्यवान वस्तूंना हात न लावता एका निद्रिस्त स्त्रीचा जीव घेऊन जावेत, हे कोणाला पटणार? पहिल्या खुनात दोघांचे यश कशात होते? तो खून खुनासारखा दिसत नव्हता, यात. दुसरा खून मात्र आरडाओरडा करून सांगत होता की, तो खून आहे. आणि खून म्हटला की पोलीस पहिला प्रश्न विचारतात: हिच्या मरणाने कोणाचे भले होणार? आग्र्याच्या छावणीत त्याचे उत्तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. क्लार्कच्या त्या रात्रीच्या हालचालींची विचारपूस झाली, आणि त्या विचारपुशीची वाट श्रीमती फुलॅमच्या दारापाशी येऊन थांबली.

तिच्या घराची झडती सुरू असताना एका पोलीस अधिकाऱ्याचा पाय पलंगाखालच्या एका पत्र्याच्या पेटीला लागला. पेटी कोणाची म्हणून विचारता ती लेफ्टनंट क्लार्कची असल्याचे तिने सांगितले. पेटी फोडण्यात आली. आत नीट गठ्ठे बांधून ठेवलेली सुमारे चारशे पत्रे होती. मीरतच्या उन्हाळ्याचा सारा पत्रव्यवहार.

तपास करणारे अधिकारी आले होते ते लुइसा क्लार्कच्या खुनाचा माग काढीत. त्या पेटीने त्यांच्यापुढे एक दुसराच खून टाकला, ज्याची कोणाला शंकाही नव्हती. तेरा महिने थडग्यात शांत झोपलेल्या एडवर्ड फुलॅमचा.

ही पत्रे त्यांनी जाळली का नाहीत? या प्रकरणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारला आहे. एक काडी पुरली असती. कोणी म्हणतात, प्रेमाच्या आठवणी टाकवत नाहीत. कोणी म्हणतात, क्लार्कने ती ऑगस्टाला कायम मुठीत ठेवण्यासाठी जपली. आणि ती तिच्या पलंगाखाली ठेवण्यात शहाणपण असे की, सापडलीच तर तिच्याकडे सापडावीत. उत्तर काहीही असो, प्रत्येक उत्तरातून एकच सत्य डोकावते. ज्या दोघांनी मिळून तिसऱ्याचा विश्वासघात केला, त्यांना परस्परांवर विश्वास ठेवता येत नाही. खुनातला भागीदार हा खुनाचा साक्षीदारही असतो. त्याला सोडता येत नाही, आणि त्याच्याजवळ निश्चिंतही राहता येत नाही. अशा दोन माणसांत प्रेमपत्र आणि तारणखत यांत फरक उरत नाही. प्रेमाची खूण म्हणून लिहिलेला कागद धाकाचे हत्यार म्हणून जपला जातो आणि शेवटी पुरावा म्हणून न्यायालयात वाचला जातो.

नंतरची जबाबदारी सोमलाने उचलली. ज्या गुणामुळे ते विष निवडले, त्यामागोमाग त्याचा दुसरा गुण येतो, आणि तो खुन्यांच्या मनात कधी येत नाही. वनस्पतिजन्य विषे प्रेताबरोबर कुजून नाहीशी होऊ शकतात. सोमल हा धातुवर्गातला, तो नाहीसा होत नाही. केसांत, नखांत, हाडांत तो वर्षानुवर्षे राहतो. १८३६ साली जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने त्याचा अंश ओळखण्याची खात्रीची पद्धत शोधून काढली, तेव्हापासून थडगे हे सोमलाचे लपण्याचे ठिकाण राहिले नव्हते. फुलॅम यांचे शव उकरून काढण्यात आले. रासायनिक तपासणीत सोमल सापडला. ज्या गृहस्थाच्या बाजूने जिवंतपणी कोणी एक शब्द बोलले नाही, त्याच्या हाडांनी त्याची बाजू मांडली.

१९१३ च्या आरंभी अलाहाबादला, म्हणजे आजच्या प्रयागराजला, उच्च न्यायालयात खटले चालले. पत्रे ज्यूरीसमोर वाचण्यात आली. त्या दोघांच्या प्रेमाची खरी कसोटी लागली ती तेथे. ऑगस्टाने सरकारच्या बाजूची साक्षीदार होण्याची तयारी दर्शवली, म्हणजे ज्याच्यासाठी तिने नवऱ्याला विष पाजले त्याच्याच गळ्याभोवती दोर आवळून आपली मान सोडवायची! पण सरकारला तिच्या साक्षीची गरजच नव्हती. तिची साक्ष पेटीत गठ्ठे बांधून आधीच तयार होती, तिच्याच हस्ताक्षरात. दोन्ही खुनांत दोघेही दोषी ठरले. हेन्री क्लार्कला २६ मार्च १९१३ रोजी फाशी देण्यात आले. ऑगस्टा त्या वेळी गरोदर होती, म्हणून तिची फाशी टळली आणि तिला जन्मठेप झाली. नैनीच्या तुरुंगात तिने मुलाला जन्म दिला. ज्या संसारासाठी दोन जीव घेतले, त्या संसाराचे एवढेच रूप तिला पाहायला मिळाले: बाप फासावर, आई गजांआड आणि मधे एक अजाण अर्भक.

कथा येथे संपली असती तरी पुरे होते. पण ऋतूची साक्ष राहिली होती. १९१४ चा मे महिना आला. गंगा-यमुनेच्या त्या खोऱ्यात मे महिना म्हणजे आगीची भट्टी. त्या महिन्याच्या अखेरीस नैनीच्या तुरुंगात ऑगस्टा फुलॅम मरण पावली. मृत्यूचे कारण होते उष्माघात. तीन वर्षांपूर्वी मीरतच्या बंगल्यात जो मृत्यू तिने नवऱ्याच्या नावे खोटा लिहायचे ठरवले होते, तोच खरा होऊन तिच्याकडे आला. ती तेव्हा चाळीसही वर्षांची झाली नव्हती.

नाटककाराने असा शेवट लिहिला असता तर टीकाकारांनी त्याला अतिरंजित म्हटले असते. श्रद्धावान माणूस याला ईश्वरी न्याय म्हणेल. संशयवादी याला योगायोग म्हणेल, कारण त्या तुरुंगात त्या उन्हाळ्यात निरपराध पहारेकऱ्यालाही ऊन लागू शकत होते. त्या वादात पडण्याचे कारण नाही. लू ही कोणाचीच बाजू घेत नाही. पण बाकीचे जे उलटले ते योगायोगाने उलटले नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. पत्रे उलटली, कारण परस्परांचा विश्वास नव्हता. सोमल उलटला, कारण तो नाहीसा होत नाही. दुसरा खून उलटला, कारण पहिला पचला या भरवशावर तो केला होता. एकदा पचलेले पाप माणसाला चतुर करीत नाही, निष्काळजी करते.

अशा प्रकरणांना ‘प्रेमातून घडलेले गुन्हे’ म्हणण्याची एक रूढी आहे. चित्रपट आणि कादंबऱ्या त्या नावावर चालतात, आणि वाचकाची सहानुभूती नकळत त्या दोघांकडे झुकते: समाज आड आला, कायदा आड आला, बिचाऱ्यांनी करायचे काय? निषिद्ध अभिलाषा ही मानवी गोष्ट आहे. तिच्यापायी घरे मोडली आहेत, माणसे देशोधडीला लागली आहेत, आणि कायदे जेथे अन्यायाचे होते तेथे पुढच्या पिढ्यांनी ते बदललेही आहेत. परंतु अभिलाषा आणि पूड यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. मन कोठे जडावे हे कदाचित माणसाच्या हाती नसेल. पेल्यात काय घालावे हे पूर्णपणे त्याच्या हाती असते. मीरतच्या त्या उन्हाळ्यात ऑगस्टा फुलॅमने तो उंबरठा एकदा नव्हे, अनेकदा ओलांडला. प्रत्येक पुडी हा एक नवा निर्णय होता. प्रत्येक वेळी नवरा बरा होऊन रुग्णालयातून परत आला, तेव्हा थांबण्याची एक नवी संधी तिच्या दारात उभी राहिली होती. इतकी संधी फार थोड्या गुन्हेगारांना मिळते.

आणि म्हणून या कथेचे केंद्र त्या पेटीत नाही, फासाच्या तख्तावर नाही, नैनीच्या तुरुंगातही नाही. ते मीरतच्या एका खोलीत आहे. वाळ्याच्या पडद्यांतून गार वारा येत आहे. लुळ्या पायांचा एक माणूस बिछान्यावर पडला आहे. त्याची पत्नी पेला घेऊन आत येते. तो हात पुढे करतो. तिच्यावर त्याचा विश्वास आहे, आणि तो पेला तिच्या हातून घेतो. जगातील सारे संसार या एका विश्वासावर चालतात. हा विश्वास मोडणाऱ्या माणसाला शिक्षा द्यायला देव धावून येवो वा न येवो, त्याने ज्या घरात सुखाने राहायचे ठरवलेले असते, त्या घराचा पाया त्याने स्वतःच उखडून टाकलेला असतो. त्या घरात मग झोप लागत नाही. आणि पलंगाखाली नेहमी एक पेटी असते.